ग्नूकोबोल ३.२ : बदलत्या लांबीच्या रेकॉर्डांपुढे बोलका, आणि नको तिथे अबोल

पुण्यातल्या एका पेठेतील लहानशा सहकारी पतसंस्थेचे कर्जखाते आजही कोबोल या जुन्या संगणकभाषेत चालते. हिंजवडीतल्या मेनफ्रेमच्या (मोठ्या मध्यवर्ती संगणकाच्या) कामातून निवृत्त झाल्यावर, कोथरूडच्या घरी बसून वर्तमानपत्रे वाचण्यापेक्षा बरे म्हणून, मी त्या संस्थेचे प्रोग्रॅम सांभाळू लागलो. संस्थेचा जुना संगणक आणि त्यावरचा विकत घेतलेला कंपायलर (लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राला चालवता येईल असे रूपांतर करणारे साधन) हे दोन्ही एकदमच थकले, तेव्हा लिनक्सचे नवे यंत्र आणि ग्नूकोबोल ३.२ अशी जोडी बसवली. तिला आता आठ महिने झाले. हे परीक्षण सबंध कंपायलरचे नाही. ज्या रेकॉर्डांची (फाइलीतल्या एकेका नोंदीची) लांबी धावत्या प्रोग्रॅममध्ये बदलते त्यांच्या हाताळणीत चूक झाली तर हा कंपायलर कोणत्या वॉर्निंग देतो, आणि कोणत्या देत नाही, एवढ्यापुरतेच ते आहे. कारण आमची पतसंस्था जिथे ठेचकाळली ती जागा नेमकी हीच होती.

आधी खरेदीविषयी. खरेदी असे काही नाहीच, कारण ग्नूकोबोल मोफत आणि मुक्त आहे. पूर्वी ते ओपनकोबोल या नावाने ओळखले जाई. ३.२ ही आवृत्ती जुलै २०२३ मध्ये आली. हा कंपायलर कोबोलचे रूपांतर आधी सी भाषेत करतो आणि मग यंत्रावरच्या सी कंपायलरकडून चालता प्रोग्रॅम बनवून घेतो. बसवताना एका ठिकाणी मात्र सावध राहावे. डेबियन आणि उबुंटूच्या भांडारात ग्नूकोबोल-३ आणि ग्नूकोबोल-४ अशी दोन पॅकेजे दिसतात आणि साहजिकच हात ४ कडे जातो. ते ४ म्हणजे विकासाच्या सुरुवातीच्या अवस्थेतला, २०२० सालचा नमुना आहे, ३.२ नंतरची पक्की आवृत्ती नव्हे. मी त्यात अर्धा दिवस घालवला आणि अखेर ३.२ मूळ स्रोतावरून बांधून घेतले.

आता मूळ विषय. कोबोलमध्ये टेबलाची (एकसारख्या घरांच्या रांगेची) लांबी दुसऱ्या एखाद्या फील्डमधल्या (रकान्यातल्या) आकड्यावर सोपवता येते. त्या कलमाला ऑकर्स डिपेंडिंग ऑन म्हणतात आणि कामाच्या ठिकाणी सगळे त्याला नुसते ओडीओ म्हणतात. आमच्या कर्जाच्या रेकॉर्डात आधी ८ बाइटांचा खाते क्रमांक, मग भरलेल्या हप्त्यांची संख्या सांगणारा २ बाइटांचा बायनरी काउंटर, मग १ ते ६० हप्त्यांचे टेबल आणि त्या टेबलामागे शिल्लक कर्जाची रक्कम अशी रचना होती. प्रत्येक हप्त्याला तारखेचे ८ आणि पॅक्ड (एका बाइटात दोन अंक बसवलेल्या) रकमेचे ५ असे १३ बाइट लागतात. म्हणजे २४ हप्ते भरलेल्या सभासदाची शिल्लक रेकॉर्डाच्या ३२३ व्या बाइटवर सुरू व्हायला हवी, कारण १० बाइटांचे डोके आणि ३१२ बाइटांचे हप्ते तिच्या आधी बसलेले असतात. पण कंपायलरने टेबलासाठी कायम ६० हप्त्यांची पूर्ण जागा धरली, तर हीच शिल्लक ७९१ व्या बाइटवर जाऊन बसते. दोन्ही वाचने आपापल्या परीने सुसंगत आहेत आणि सोर्समध्ये (लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये) एका अक्षराचाही फरक नाही.

प्रमाणित कोबोलचा नियम असा की ओडीओ टेबलामागे त्याच रेकॉर्डात दुसरे फील्ड ठेवूच नये. आयबीएमच्या कंपायलरांनी ती मुभा स्वतःचा विस्तार म्हणून दिली आणि मागचे फील्ड टेबलाच्या चालू लांबीप्रमाणे पुढेमागे सरकवण्याची रीत पाडली. मायक्रोफोकसच्या कंपायलर-घराण्यात मात्र ओडीओस्लाइड नावाचा निर्देश दिल्याशिवाय ते फील्ड सरकत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पतसंस्थेचा प्रोग्रॅम ज्याने लिहिला त्याने हा निर्देश दिला होता, तोही सोर्समध्ये नव्हे तर कंपाइल करण्याच्या एका वेगळ्या फाइलमध्ये. ती फाइल जुन्या यंत्राबरोबर भंगारात गेली.

ग्नूकोबोलने पहिल्याच दिवशी आपले काम चोख केले, हे नमूद करायला हवे. नेहमीच्या बोलीत (कंपायलर कोबोलच्या ज्या प्रकाराचे नियम पाळतो तिच्यात) प्रोग्रॅम दिल्याबरोबर त्याने ओडीओ कलमावर बोट ठेवले, हे इथे चालणार नाही असे सांगितले आणि कंपाइल थांबवले. ती वॉर्निंग नव्हती, सरळ एरर होती. पुढची चूक सर्वस्वी माझी. मी मदतपानावर पाहून एफ-कॉम्प्लेक्स-ओडीओ हा स्विच (कंपायलरला द्यायचा पर्याय) लावला, एरर गेली, आणि सगळ्या नेहमीच्या वॉर्निंग चालू करणारा डब्ल्यू-ऑल लावूनही कंपायलरने एक चकार शब्द काढला नाही. मी समाधानाने चहा घेतला. मदतपानावर त्याच्या जवळच एफ-ओडीओस्लाइड असा दुसरा स्विच आहे. पहिला स्विच अशी रचना चालवून घेतो, आणि मागचे फील्ड सरकवण्याचे काम दुसरा करतो. पहिला लावून दुसरा विसरलो, तर शिल्लक ७९१ व्या बाइटवर शोधली जाते, आणि आमच्या जुन्या फाइलीतली रेकॉर्डे तर ३२७ व्या किंवा तशाच कुठल्यातरी जागी संपत होती.

दुसऱ्या दिवशी वसुलीची यादी छापली गेली. वसुली पाहणाऱ्या ताईंनी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि मला विचारले, "काका, सगळ्यांच्या डोक्यावर एकाच आकड्याचं कर्ज कसं काय?" प्रत्येक सभासदापुढे २०,२०,२०२ रुपये २ पैसे असा आकडा होता. आमच्या सभासदांत भाजीवाले आहेत, रिक्षावाले आहेत. वीस लाखांचे कर्ज ही संस्था कुणाला देतच नाही. कारण कळायला मात्र वेळ लागला नाही. रेकॉर्डाचा उरलेला भाग स्पेसने भरलेला होता, स्पेसचा अॅस्की सांकेतिक क्रमांक सोळाच्या पायाच्या (हेक्स) पद्धतीत २० असा लिहितात, आणि पाच स्पेस पॅक्ड दशमान म्हणून वाचल्या की अंक २०२०२०२०२ असेच पडतात. शेवटचे अर्धे बाइट चिन्हाचे, दशांशाच्या दोन जागा सोडल्या की वरची रक्कम तयार. आकडा इतका देखणा नसता, तर कदाचित दोन-तीन दिवस कुणाच्या लक्षातही आला नसता.

इथेच माझा या उत्पादनाविषयीचा मुख्य आक्षेप आहे. ग्नूकोबोल ओडीओच्या बाबतीत परवानगीचा प्रश्न विचारतो, परिणामाचा विचारत नाही. रचना त्या बोलीत चालते की नाही हे तो पक्के पाहतो. एकदा का आपण "चालते" म्हटले, की त्या रचनेला लागून येणारे सगळे धोके आपण समजून उमजून पत्करले असे तो धरून चालतो. जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रावर आणणारा माणूस जो स्विच सर्वात आधी लावणार, त्याच स्विचने त्याला सर्वात जास्त हवी असलेली सूचना बंद पडते. कॉम्प्लेक्स-ओडीओ चालू आहे, स्लाइड बंद आहे आणि टेबलामागे फील्ड आहे, या तिन्ही गोष्टी कंपायलरला एकाच क्षणी माहीत असतात. त्यावर एका ओळीची वॉर्निंग देणे अवघड नव्हते. आयबीएमची बोली निवडणारा स्विच दिला तर दोन्ही गुण आपोआप चालू होतात आणि आमचे संकट टळले असते, पण मेनफ्रेमशी काडीचा संबंध नसलेल्या पतसंस्थेच्या प्रोग्रॅमला आयबीएमचा टिळा लावावा हे मला सुचलेच नाही.

जिथे आकडे सोर्समध्येच लिहिलेले असतात, तिथे मात्र हा कंपायलर उत्तम आहे. साठ जागांच्या टेबलातला ६१ वा हप्ता मागा, बारा अक्षरांच्या फील्डमधून दहाव्या अक्षरापासून पाच अक्षरे मागा, चालवण्याची गरजच पडत नाही. कंपाइल करतानाच एरर येते. तीन अक्षरांच्या फील्डला पाच अक्षरांचे मूल्य द्या, मूल्य किती मोठे आणि जागा किती हे दोन्ही आकडे वेगळ्या टिपांत छापले जातात. ओडीओ लिहिताना कमीत कमी संख्या सांगणारा टू वगळला तर नेहमीच्या बोलीत त्यावरही वॉर्निंग मिळते. प्रत्येक वॉर्निंगच्या शेवटी ती कोणत्या स्विचने आली ते चौकटी कंसात लिहिलेले असते, त्यामुळे गोंगाट करणारी एखादी नेमकी वॉर्निंग बंद करता येते आणि बाकीच्या राहतात. जुन्या कंपायलरांच्या जाडजूड यादीतून सांकेतिक क्रमांक शोधत मी आयुष्य घालवले असल्याने ही सोय मला फार मोलाची वाटते.

एका फील्डमधून दुसऱ्यात मजकूर हलवताना कापला जाण्याची शक्यता सांगणारी वॉर्निंग डब्ल्यू-ऑलमध्ये नसते, ती वेगळी मागावी लागते. मागितली की पाऊस पडतो. आमच्या सत्तावीस प्रोग्रॅमांत तिने शेकडो ओळी दाखवल्या आणि त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी होत्या, तरीही त्या सगळ्या वाचल्याचा मला पश्चात्ताप नाही. संस्थेला पावतीवर नावे मराठीत हवी होती. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट घेते. 'पुणे' या दोन अक्षरी वाटणाऱ्या शब्दात मात्रा आणि उकार धरून चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट होतात. तीस बाइटांच्या नावाच्या फील्डमध्ये अशी दहाच चिन्हे मावतात, आणि कोबोलचे एक्स प्रकारचे फील्ड बाइटच मोजत असल्याने अकरावे चिन्ह सीमेवर आले तर ते आख्खे नाहीसे होते, आणि कधी अर्धे कापले जाऊन पावतीवर चौकोन उमटतो. कंपायलरला देवनागरी कळत नाही, पण चाळीस बाइट तिसात ढकलले जात आहेत एवढे त्याने सांगितले, आणि तेवढे पुरेसे होते.

कंपाइलच्या वेळची मर्यादा ओलांडायची तर धावत्या वेळची तपासणी लावावी लागते. डीबग हा स्विच दिला की टेबलाचे क्रमांक, मजकुराच्या तुकड्यांची लांबी आणि ओडीओचे काउंटर या सर्वांवर प्रोग्रॅम चालत असताना पहारा बसतो. प्रमाणित भाषेत या शेवटच्या दोषाला ईसी-बाउंड-ओडीओ असे नाव २००२ च्या मानकापासून आहे. माझ्या मते या उत्पादनातला सर्वात उपयोगी भाग हाच, आणि वॉर्निंगच्या चर्चेत त्याचे नाव क्वचितच घेतले जाते. आम्ही तो चालू करून सगळे सभासद एकदा वाचून काढले, तेव्हा प्रोग्रॅम दोन ठिकाणी थांबला.

पहिला थांबा काउंटर ० असण्याचा होता. कर्ज मंजूर झाले, पैसे दिले गेले, पण पहिला हप्ता अजून यायचा आहे असे सभासद प्रत्येक महिन्यात असतातच. टेबल मात्र १ ते ६० असे जाहीर केलेले होते. कोबोल-८५ पासून किमान संख्या ० चालते, तेव्हा तिथे एक अंक बदलला आणि काम झाले. दुसरा थांबा जास्त बोधप्रद होता, कारण काउंटरचे मूल्य ८२२४ असे छापले गेले. एवढे हप्ते फेडायला सहाशे पंच्याऐंशी वर्षे लागतील. नव्या कर्जाचा रेकॉर्ड तयार करताना जुन्या प्रोग्रॅमरने सगळ्या रेकॉर्डावर स्पेस फिरवून तो "साफ" केला होता. काउंटर बायनरी, त्याच्या दोन बाइटांत दोन स्पेस पडल्या, आणि दोन अॅस्की स्पेस म्हणजे ८२२४. हाच प्रोग्रॅम मेनफ्रेमवर असता तर तिथल्या स्पेसच्या निराळ्या संकेतामुळे १६,४४८ हा आकडा आला असता. स्लाइड चालू असताना या काउंटरवर विसंबून शिल्लक कुठे आहे याचा हिशेब केला, तर ती १,०६,९२३ व्या बाइटवर निघते, आणि तिथे रेकॉर्ड तर नाहीच, कुणाची मेमरी असेल ते देव जाणे. स्पेस फिरवण्याच्या जागी इनिशियलाइझ (प्रत्येक फील्डला त्याच्या प्रकाराचे आरंभीचे मूल्य देणारी आज्ञा) घातल्यावर दोष गेला. अशा गटावर (अनेक फील्डांच्या एकत्रित जागेवर) स्पेस हलवताना त्याच्या पोटात बायनरी काउंटर आहे आणि तो ओडीओचा आहे, हे कंपाइल करतानाही दिसत असते. तिथे वॉर्निंग नाही. ती असायला हवी होती.

आणि मग असे दोष येतात ज्यांना कंपायलरचीही दृष्टी पोहोचत नाही आणि पहाऱ्याचीही. चोवीस हप्ते भरलेल्या सभासदाचा पंचविसावा हप्ता आला, की प्रोग्रॅमर सहजपणे काउंटरमध्ये एक मिळवतो आणि नवा हप्ता टेबलात लिहितो. पण काउंटर वाढल्या क्षणी स्लाइडच्या नियमाने शिल्लक ३२३ वरून ३३६ व्या बाइटवर गेली. खरी रक्कम अजून ३२३ वर पडलेली आहे, तिला आता पंचविसाव्या हप्त्याची तारीख मानले जाते आणि नवा हप्ता लिहिताना ती पुसली जाते. योग्य रीत अशी की शिल्लक आधी बाहेरच्या फील्डमध्ये काढून ठेवायची, मग काउंटर बदलायचा, मग ती नव्या जागी परत ठेवायची. २५ हा आकडा १ ते ६० मध्ये बसत असल्याने डीबगलाही काही वावगे दिसत नाही. दुसरा प्रकार रीड-इंटूचा, म्हणजे फाइलमधला रेकॉर्ड वाचून दुसऱ्या गटात टाकणाऱ्या आज्ञेचा. ओडीओचा काउंटर ज्या गटात आहे तोच गट मजकूर स्वीकारणारा असेल, तर भाषा त्याची कमाल लांबी धरते. काउंटर गटाबाहेर ठेवलेला असेल, तर त्याचे त्या क्षणीचे मूल्य धरते. म्हणजे आधीच्या सभासदाचे १० हप्ते काउंटरमध्ये शिल्लक राहिले आणि पुढच्याचा ४० हप्त्यांचा रेकॉर्ड आला, तर तीस हप्ते नियमानुसार, अगदी कायदेशीरपणे, कापले जातात. आमच्याकडे दोन प्रोग्रॅमांत काउंटर असा बाहेर होता. ते मी कंपायलरने सांगितले म्हणून नाही, तर पहिल्या प्रसंगानंतर घाबरून सगळे हाताने वाचले म्हणून सापडले.

मेनफ्रेमवरच्या आयबीएम एंटरप्राइझ कोबोलशी तुलना करणे थोडे अन्यायाचे आहे, कारण एक मोफत आणि दुसरा तसा नाही. पण हात दोन्हींवर फिरलेला असल्याने राहवत नाही. तिथे रूल्स नावाचा पर्याय आहे आणि ओडीओची किमान संख्या न लिहिल्यास वॉर्निंग देणारा उपपर्याय त्यातच मिळतो. लांबी न जुळणाऱ्या रीडिफाइन्सवर (त्याच जागेला दुसरी रचना देणाऱ्या कलमावर) बोट ठेवणाराही आहे. धावत्या वेळच्या तपासणीसाठी एसएसरेंज आहे. साधने ग्नूकोबोलपेक्षा जास्त आहेत, पण वापर? तिथे वॉर्निंगचा रिटर्न कोड (काम संपल्यावर मिळणारा निकालाचा आकडा) ४ असतो, एररचा ८, आणि जॉब लिहिताना ४ पर्यंत चालेल अशी अट घालण्याची पिढीजात प्रथा आहे. मी ज्या प्रकल्पांवर होतो तिथे ४ म्हणजे हिरवा दिवा समजला जाई आणि वॉर्निंगची यादी उघडून पाहणाऱ्याला वेळ फार आहे असे म्हटले जाई. ग्नूकोबोलमध्ये वॉर्निंगलाच एरर मानण्याचा डब्ल्यू-एरर स्विच आहे आणि लहान संस्थेत तो लावायला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्याकडे तो आता कायम आहे. त्याचा त्रास होतो, विशेषतः शनिवारी संध्याकाळी घाईत एखादी दुरुस्ती करायची असते तेव्हा.

वर सांगितलेल्या अबोलपणावर मी एक गावठी तोडगा काढला आहे. प्रत्येक प्रोग्रॅम दोनदा कंपायलरसमोर ठेवतो. एकदा खऱ्या कामासाठी, आयबीएमच्या बोलीत, म्हणजे फील्ड सरकेल. दुसऱ्यांदा कोबोल-८५ च्या कडक बोलीत आणि फक्त व्याकरण तपासण्याच्या स्विचसह, म्हणजे चालता प्रोग्रॅम तयारच होत नाही. दुसऱ्या फेरीत इतर बोलींच्या सवयींवरही तक्रारींचा ढीग येतो, पण त्यातून ओडीओच्या ओळी चाळून काढल्या की टेबलामागे फील्ड लटकलेल्या प्रत्येक रेकॉर्डाची यादी हाती येते. आमच्याकडे अशी अकरा रेकॉर्डे निघाली. डीबगचा पहारा मी रात्रीच्या व्याज-आकारणीतही चालूच ठेवला आहे. त्याने कामाला काही मिनिटे जास्त लागतात, आणि रात्री पतसंस्थेत त्या मिनिटांची कुणालाही घाई नसते.

लहान बँका, पतसंस्था, जुने हिशेब सांभाळणारे कारखाने यांना मी ३.२ निःसंकोचपणे सुचवेन, मात्र बोलीचा स्विच निवडताना जुन्या कंपायलरचे निर्देश हाती असतील तरच. नसतील तर आधी पाच-दहा जुनी रेकॉर्डे हेक्समध्ये उघडून शिल्लक कितव्या बाइटवर आहे ते डोळ्यांनी पाहावे. ज्याला आधार करार आणि फोन उचलणारा माणूस हवा आहे, त्याचे या उत्पादनावर भागणार नाही.

अकरांपैकी सात रेकॉर्डांत शिल्लक टेबलाच्या आधी आणून ठेवली आहे, त्यामुळे ती आता कोणत्याही बोलीत सरकत नाही. उरलेली चार वसुलीच्या प्रोग्रॅमांत आहेत, आणि मार्चअखेर होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही असे ताईंनी बजावले आहे.